कोणत्या वयाला किती बीपी ठीक? रक्तदाबाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१२०/८० यातला वरचा आकडा कसला आणि खालचा कसला?

हृदय आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलतं, त्या क्षणी धमन्यांच्या भिंतींवर जो दाब पडतो तो वरचा आकडा, म्हणजे सिस्टोलिक. पुढचा ठोका पडण्याआधी हृदय सैलावून पुन्हा भरत असतं. तेव्हाही धमन्यांतला दाब शून्यावर जात नाही. तो उरलेला दाब म्हणजे खालचा आकडा, डायस्टोलिक. एकक आहे मिलिमीटर पारा: १२० म्हणजे पाऱ्याचा १२ सेंटीमीटर उंच स्तंभ तोलून धरेल इतका दाब. पाऱ्याची यंत्रं बहुतेक ठिकाणांहून गेली, एकक मात्र राहिलं.

वय वाढलं की ‘नॉर्मल’ बीपीही वाढतं ना?

मुलांमध्ये हो. मोठ्यांमध्ये नाही. अठराव्या वर्षापासून पुढे माणूस पंचविशीचा असो वा पंच्याहत्तरीचा, निदानाची रेघ एकच असते.

तरीही ‘वय ६० असेल तर १३४/८७ नॉर्मल’ अशा थाटाचे तक्ते फोनवरून फिरत असतात. त्यांतले आकडे फार तर त्या वयातल्या लोकांची सरासरी सांगतात. सरासरी आणि निरोगी यांची गल्लत इथेच होते. साठीच्या शंभर जणांतल्या निम्म्यांचं बीपी वाढलेलं असेल तर त्यांची सरासरीही वाढलेलीच येणार.

‘१०० अधिक वय’ हा हिशोब त्याहून जुना आणि त्याहून घातक. त्यानुसार सत्तरीतल्या माणसाचा वरचा आकडा १७० चालायला हवा; प्रत्यक्षात त्या आकड्याला पक्षाघाताचा धोका कितीतरी वाढलेला असतो. बीपी वयाबरोबर चढायलाच हवं असा निसर्गाचा नियमही नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ या बहुदेशीय अभ्यासात अॅमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोकही होते. त्यांच्या आहारात मीठ जवळजवळ नसतं. त्यांचं सरासरी बीपी ९५/६१ च्या आसपास भरलं आणि वयाबरोबर ते चढत गेलं नाही.

वयाप्रमाणे बदलतात त्या गोष्टी वेगळ्या: दोनपैकी कोणता आकडा बिघडतो, बिघाडामागचं कारण काय असू शकतं, आणि उपचार किती नेटाने करायचे.

मग मोठ्या माणसांसाठी नेमके आकडे कोणते?

इथे दोन पद्धती आहेत आणि दोन डॉक्टरांच्या बोलण्यात फरक पडतो तो बहुधा त्यामुळेच.

अमेरिकी हृदयरोग संघटनांच्या २०१७ च्या वर्गवारीत १२०/८० च्या खाली ते नॉर्मल. वरचा १२० ते १२९ आणि खालचा ८० च्या आत असेल तर ‘वाढलेलं’. वरचा १३० ते १३९ किंवा खालचा ८० ते ८९ असेल तर उच्च रक्तदाबाची पहिली पायरी, आणि १४०/९० पासून दुसरी. युरोपीय हृदयरोग संघटनेने २०२४ साली १२०/७० च्या खालचं ते ‘न वाढलेलं’, तिथून १३९/८९ पर्यंत ‘वाढलेलं’ आणि १४०/९० पासून पुढे उच्च रक्तदाब असं धरलं. जागतिक आरोग्य संघटनाही निदानासाठी १४०/९० च वापरते.

दोन आकडे दोन वेगळ्या खणांत पडले तर वाईट खण धरायचा. १२८/८६ मध्ये वरचा आकडा सौम्य वाटतो, पण खालच्यामुळे अमेरिकी हिशोबाने ती पहिली पायरी झाली.

यातली खरी रेघ कोणती?

शरीरात अशी रेघ नसतेच. २००२ साली दहा लाख माणसांची माहिती एकत्र करून झालेल्या विश्लेषणात दिसलं की ४० ते ६९ या वयात, ११५/७५ पासून पुढे वरचा आकडा दर २० ने किंवा खालचा दर १० ने चढला की हृदयविकाराने आणि पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूचा धोका साधारण दुप्पट होतो. हा चढ सलग आहे, १३९ आणि १४० यांच्यामध्ये कुठलीही पायरी नाही. रेघ आखली जाते ती औषध कधी सुरू करायचं हे ठरवण्याच्या सोयीसाठी. म्हणून १३६/८४ असलेल्या आणि मधुमेह, किडनीचा आजार किंवा आधी येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका असलेल्या माणसाला डॉक्टर गोळी देतील, आणि तेच आकडे असलेल्या धडधाकट तिशीतल्या माणसाला आधी वजन, मीठ आणि व्यायाम यांवर काम करायला सांगतील. दोन्ही निर्णय बरोबर असतात.

लहान मुलांचं बीपी किती असावं?

पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाचा वरचा आकडा साधारण ६० ते ८० च्या दरम्यान असतो आणि पहिल्या काही आठवड्यांत भराभर चढतो. त्यानंतर चढ मंदावतो. एक ते बारा वर्षांपर्यंत एकच आकडा सांगता येत नाही, कारण मुलाचं वय, मुलगा की मुलगी आणि उंची या तिन्हींवर ते ठरतं. बालरोगतज्ज्ञांकडे त्यासाठी मोठा तक्ता असतो: त्याच वयाच्या आणि उंचीच्या मुलांत शंभरांतल्या ९० जणांपेक्षा कमी असेल तर ठीक, ९५ किंवा त्याहून जास्त जणांच्या वर असेल तर चिंतेचं.

पटकन चाळणी लावायची तर २०१७ च्या अमेरिकी बालरोग मार्गदर्शिकेत एक छोटा तक्ता आहे. यापैकी कोणताही आकडा गाठला किंवा ओलांडला की नीट तपासणी करायची:

वय ३: मुलगा १०१/५८, मुलगी १०२/६०
वय ५: मुलगा १०३/६३, मुलगी १०४/६४
वय ८: मुलगा १०७/६९, मुलगी १०७/६९
वय १०: मुलगा १०८/७२, मुलगी १०९/७२
वय १२: मुलगा ११३/७५, मुलगी ११४/७५
वय १३ आणि पुढे: दोघांनाही १२०/८०

हे आकडे मुद्दाम कडक ठेवलेले आहेत, सर्वांत बुटक्या मुलांना लागू पडतील असे. समजा आठ वर्षांच्या मुलाचं बीपी ११०/७० आलं. चाळणीत तो अडकला. पण तो वयाच्या मानाने चांगला उंच असेल तर मोठ्या तक्त्यात हाच आकडा नॉर्मल ठरू शकतो. शिवाय एकदाच जास्त आलं म्हणून निदान होत नाही; वेगवेगळ्या तीन भेटींत जास्त यावं लागतं. रडतं, घाबरलेलं किंवा नुकतंच धावून आलेलं मूल मोजायला बसवलं तर आकडा फुगणारच.

वर्षातून एकदा मोजणं तिसऱ्या वर्षापासून सुरू करावं. मूल अपुऱ्या दिवसांचं जन्मलेलं असेल किंवा त्याला किडनीचा वा हृदयाचा जन्मजात दोष असेल तर आणखी आधी. आणि मोठ्यांचा पट्टा मुलाच्या दंडाला गुंडाळून आलेला आकडा कामाचा नाही, त्यावरून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. पट्ट्याच्या आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के हवी आणि लांबीने तिने घेराचा ८० ते १०० टक्के भाग वेढायला हवा.

विशी-तिशीत बीपी वाढलेलं आढळलं तर?

दोन गोष्टी कराव्यात. आधी घरी नीट मोजून ते खरंच वाढलेलं आहे का ते पाहावं. असेल तर ‘ताण असेल’ म्हणून सोडून न देता कारण शोधावं. या वयात दुसऱ्या आजारामुळे चढलेलं बीपी आढळण्याची शक्यता मोठ्या वयापेक्षा जास्त असते: किडनीचा आजार, किडनीकडे जाणारी धमनी अरुंद होणं, अॅड्रिनल ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन हे बीपी चढवणारं संप्रेरक जास्त पाझरणं, थायरॉइडचा बिघाड, महाधमनीचा (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीचा) जन्मजात अरुंदपणा. मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं हे कारण तर सर्रास असतं, आणि ते सहसा शेजारी झोपणाऱ्यालाच आधी कळतं.

तरुण वयात अनेकदा आधी खालचा आकडा वाढतो, १२६/९२ असा. वरचा ठीक दिसतो म्हणून दुर्लक्ष होतं. करू नये.

चाळिशी-पन्नाशीत काय बदलतं?

दोन्ही आकडे हळूहळू चढतात, वजन आणि पोटाचा घेर वाढला की वेगाने. तरुणपणी बायकांचं बीपी त्याच वयाच्या पुरुषांपेक्षा सरासरीने कमी असतं. पाळी थांबल्यानंतर हा फरक मिटत जातो आणि साठी-पासष्टीनंतर चित्र उलटतं. ‘माझं बीपी कायम लो असतं’ असं वर्षानुवर्षं सांगणाऱ्या बाईने पन्नाशीनंतर ते वाक्य नव्याने तपासून घ्यावं.

साठीनंतर वरचा आकडा वाढतो आणि खालचा घसरतो, असं का?

तरुण महाधमनी लवचिक असते. हृदयाने रक्त ढकललं की ती फुगते, त्यामुळे दाबाचा तडाखा मवाळ होतो. मग ती आपणहून आकसते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात रक्त पुढे सरकवत राहते. म्हणून खालचा आकडाही टिकून राहतो. वयाबरोबर भिंतीतले लवचिक तंतू झिजतात, त्यांची जागा ताठ कोलॅजेन घेतं आणि नळी फुगेनाशी होते. तेवढंच रक्त आता ताठ नळीत शिरतं, तर वरचा आकडा उसळतो; आणि आकसण्याचा जोर उरलेला नसतो, तर खालचा पडतो. १९४८ पासून चालू असलेल्या फ्रेमिंगहॅम हृदय अभ्यासातही हेच दिसलं: वरचा आकडा आयुष्यभर चढता, खालचा पन्नाशी-साठीपर्यंत चढून मग उतरता.

म्हणून १५८/७२ हे आकडे ‘वरचं थोडं जास्त आहे, पण खालचं छान आहे’ असे वाचायचे नाहीत. १४० किंवा जास्त वर आणि ९० पेक्षा कमी खाली, याला फक्त वरच्या आकड्याचा उच्च रक्तदाब म्हणतात आणि मोठ्या वयात सर्वाधिक आढळणारा प्रकार हाच. दोन आकड्यांमधली मोठी तफावत ताठ धमन्यांचीच खूण असते. १९९१ साली निष्कर्ष आलेल्या ‘शेप’ चाचणीत साठीवरच्या अशाच रुग्णांना औषधं दिल्यावर पक्षाघात एक तृतीयांशाहून अधिक घटले. त्याआधी ‘म्हाताऱ्यांचं असंच असतं’ म्हणून हे सोडून दिलं जायचं.

ऐंशीच्या पुढे औषध द्यावं का? किती उतरवावं?

द्यावं, पण बेताने. ‘हायवेट’ चाचणीत (२००८) ऐंशी आणि त्यापुढचे, वरचा आकडा १६० किंवा जास्त असलेले लोक होते. लक्ष्य १५०/८० ठेवलं होतं. औषध घेणाऱ्यांत हृदय कमकुवत होण्याचं प्रमाण आणि मृत्यू, दोन्ही घटले. पुढे ‘स्प्रिंट’ चाचणीत (२०१५) पन्नाशीवरच्या, मधुमेह नसलेल्या ९३६१ लोकांत १२० च्या खालचं आणि १४० च्या खालचं अशी दोन लक्ष्यं पडताळली गेली. १२० च्या गटात हृदयरोगाच्या मोठ्या घटना सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाल्या, पण भोवळ येणं, बीपी फार उतरणं आणि किडनीचं काम अचानक बिघडणं हे प्रकार वाढले. शिवाय स्प्रिंटमधलं बीपी शांत बसवून, स्वयंचलित यंत्राने मोजलेलं होतं. घाईच्या दवाखान्यातला १२० आणि तिथला १२० एक नव्हेत.

त्यामुळे स्वतः चालतं-फिरतं, डोकं ताळ्यावर असलेल्या ८२ वर्षांच्या माणसाला सोसत असेल तर १३० च्या आसपास आणायला हरकत नाही. थकलेल्या, वारंवार पडणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसात त्याच आकड्याचा आग्रह धरणं चूक आहे.

या वयात एक तपासणी हमखास राहून जाते: उभ्याने बीपी. पाच मिनिटं पडून किंवा बसून मोजा, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा, शेजारी कुणाला तरी उभं करून. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर तोल जाऊन पडण्याचा धोका आहे आणि डॉक्टरांना तो आकडा दिसायलाच हवा. जेवणानंतर तास-दोन तासांतही वृद्धांचं बीपी बरंच खाली येऊ शकतं. जेवून उठताच चक्कर येत असेल तर त्या वेळीही मोजा.

गरोदरपणात कोणते आकडे धरायचे?

मधल्या महिन्यांत बीपी आपोआप थोडं उतरतं आणि शेवटच्या तीन महिन्यांत मूळ पातळीवर येतं. १४०/९० किंवा जास्त, किमान चार तासांच्या अंतराने दोनदा आलं तर तो उच्च रक्तदाब. १६०/११० म्हणजे थांबायचं नाही, त्याच वेळी रुग्णालय. विसाव्या आठवड्यानंतर वाढलेल्या बीपीसोबत न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं किंवा अंधारी, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर एकाएकी सूज यातलं काहीही असेल तर आकडा थोडाच वाढलेला असला तरी लगेच दाखवा.

बाळंतपण झालं म्हणजे धोका टळला असं नाही. बीपी बहुधा बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत वर जातं, म्हणजे बाई घरी गेल्यावर. बीपीवरच्या काही नेहमीच्या गोळ्या (नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असणाऱ्या) गर्भाला घातक असतात. दिवस राहण्याचा विचार असेल तर आधीच बदलून घ्याव्यात.

घरी मोजायचं नीट कसं?

चुकीच्या आकड्यांमागे बिघडलेल्या यंत्रापेक्षा मोजण्याची पद्धतच जास्त वेळा असते, म्हणून हे तपशिलात.

मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवी करून या. तुंबलेलं मूत्राशय वरचा आकडा सहज दहाच्या घरात चढवतं. पाठ टेकेल अशा खुर्चीत बसा, पावलं सपाट जमिनीवर, पाय एकमेकांवर नकोत. पाच मिनिटं काही न करता बसा. फोन बघणं म्हणजे विश्रांती नव्हे.

पट्टा उघड्या दंडावर बांधा. बाही वर सरकवून ती दंडाला करकचली तर शर्ट काढलेला बरा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या खळगीपासून दोन-तीन सेंटीमीटर वर, नळीची खूण धमनीवर, आणि पट्ट्याखाली एक-दोन बोटं जेमतेम जातील इतपत घट्ट. हात टेबलावर आधार देऊन असा ठेवा की पट्टा हृदयाच्या पातळीला येईल. इथे साधं पदार्थविज्ञान आहे: हात हृदयापेक्षा १० सेंटीमीटर खाली असेल तर तेवढ्या रक्तस्तंभाचा ७ ते ८ मिलिमीटर दाब आकड्यात मिळतो. प्रत्यक्षात हात मांडीवर ठेवल्याने वरचा आकडा साधारण ४ ने आणि बाजूला लोंबता ठेवल्याने ६ ते ७ ने फुगतो.

यंत्र चालू असताना बोलू नका. मिनिटभर थांबून दुसऱ्यांदा मोजा. सकाळी गोळी आणि न्याहारीच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा. एका दिवसाचा नमुना घेऊ: सकाळी १३८/८६ आणि १३२/८४, संध्याकाळी १३४/८२ आणि १२८/८०. वरच्यांची बेरीज ५३२, भागिले चार, १३३. खालच्यांची ३३२, भागिले चार, ८३. दिवसाचं बीपी १३३/८३. यातलं फक्त १२८/८० वहीत लिहिणारे खूप असतात आणि १३८/८६ पाहून झोप उडालेलेही.

घरच्या सरासरीला दवाखान्यातला निकष तसाच लावू नका: दवाखान्यातल्या १४०/९० च्या तोडीचा घरचा आकडा १३५/८५ आहे. वरचं उदाहरण त्याच्या आत बसतं, पण १३०/८० ची अमेरिकी रेघ ओलांडतं. त्या रेघेला घर आणि दवाखाना असा फरक जवळपास नाही.

यंत्र आणि पट्टा कोणता घ्यावा?

दंडावर बांधायचं, स्वयंचलित, आणि अचूकतेची स्वतंत्र चाचणी झालेलं. मनगटाची यंत्रं हाताच्या स्थितीप्रमाणे फार हलतात; दंड इतका जाड असेल की पट्टाच बसत नाही, तेव्हाच ती वापरावी. बोटावरची नकोच.

पट्ट्यासाठी दंडाच्या मध्यावर टेपने घेर मोजा. २२ ते २६ सेंटीमीटरला लहान, २७ ते ३४ ला मध्यम, ३५ ते ४४ ला मोठा, त्यापुढे अतिमोठा. आखूड पट्टा आकडा फुगवतो, आणि ही चूक किरकोळ नाही: २०२३ साली आलेल्या एका चाचणीत अतिमोठा पट्टा लागणाऱ्यांना मध्यम पट्टा लावला तेव्हा वरचा आकडा सरासरी सुमारे २० ने जास्त आला. नुसत्या पट्ट्यापायी माणूस रुग्ण ठरू शकतो. फार मोठा पट्टा आकडा थोडा कमी दाखवतो.

स्वयंचलित यंत्र रक्ताचा आवाज ऐकत नाही. पट्ट्यातली हवा सोडताना हवेत उठणारी कंपनं ते टिपतं आणि त्यांवरून दोन्ही आकडे गणिताने काढतं. ठोके अनियमित असतील तर हे गणित डगमगतं. अशांनी निदान तीन वेळा मोजून सरासरी धरावी आणि अधूनमधून स्टेथोस्कोपने तपासून घ्यावं. नवं यंत्र आणल्यावर ते एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या यंत्राशी ताडून बघा.

दोन हातांत वेगळं येतं. कोणतं धरायचं?

जास्त येतं ते. पहिल्या वेळी दोन्ही हात मोजा आणि पुढे कायम जास्तवाला हात वापरा. ५-१० चा फरक चालतो. पुन्हा पुन्हा १५ च्या वर जात असेल तर एका हाताकडची धमनी अरुंद झालेली असू शकते, तेव्हा दाखवा.

दवाखान्यात १५०, घरी १२५. खोटं कोण बोलतं?

कुणीच नाही. डॉक्टरसमोर चढणारं आणि घरी नॉर्मल असणारं बीपी आढळतं; त्याला लगेच औषध लागत नाही, पण पुढे ते कायमचं वाढण्याची शक्यता असते म्हणून लक्ष ठेवावं लागतं. याच्या उलट प्रकार जास्त फसवा: दवाखान्यात १२८, घरी किंवा कामावर १४५. तपासणीत पास होत असल्यामुळे तो वर्षानुवर्षं सापडत नाही आणि त्याचा धोका नेहमीच्या उच्च रक्तदाबाच्या जवळ जातो. सोक्षमोक्ष लावायचा तर २४ तास दंडावर बांधून फिरायचं यंत्र असतं. त्याची दिवसाची सरासरी १३५/८५ च्या आत आणि रात्रीची १२०/७० च्या आत हवी. झोपेत बीपी दिवसापेक्षा १० ते २० टक्के उतरायला हवं. न उतरणं हीही नोंद घेण्यासारखी गोष्ट.

९०/६० आलं. लो बीपी झालं का?

चक्कर, थकवा, अंधारी काही नसेल तर काळजी नको. अनेक सडपातळ तरुणांचं आणि खेळाडूंचं बीपी तेवढंच असतं. मात्र ज्याचं रोजचं १४० असतं त्याचं अचानक ९५ झालं आणि घाम, ताप, छातीत दुखणं किंवा रक्तस्राव असेल, तर ते तातडीचं.

१८०/१२० दिसलं तर काय करायचं?

आधी लक्षणं बघा. छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, दृष्टी जाणं, भ्रम यातलं एकही असेल तर दुसऱ्यांदा मोजण्यात वेळ न घालवता रुग्णालय गाठा. काहीच नसेल तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा, आणि तितकंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. गोळी चुकली असेल तर तेही सांगा.

घरातल्या दुसऱ्या कुणाची गोळी देऊ नका. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडून बीपी झटक्यात उतरवण्याची पद्धत पूर्वी होती. मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा एकदम तुटून पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके येऊ लागले म्हणून ती सोडून दिली गेली.

डोकं दुखत नाही, म्हणजे बीपी नाही ना?

बीपी वाढलेल्या बहुसंख्य लोकांना काहीच होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजात ३० ते ७९ वयाचे सुमारे १२८ कोटी लोक उच्च रक्तदाबाचे होते आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांना ते ठाऊक नव्हतं.

औषधाशिवाय किती उतरतं?

वजन: उतरलेल्या दर किलोमागे वरचा आकडा साधारण १ ने. भरभर चालण्यासारखा व्यायाम, आठवड्याला १५० मिनिटं: बीपी वाढलेल्यांत ५ ते ८. फळं, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचं दूध भरपूर असलेला ‘डॅश’ आहार (१९९७ ची चाचणी): उच्च रक्तदाब असलेल्यांत ११ पर्यंत, आणि तोही परिणाम दोन आठवड्यांत दिसू लागला. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळ्या खाण्यातलं मिळून सपाट छोटा चमचा. वयाबरोबर मिठाचा परिणाम वाढतो, म्हणून साठीच्या माणसाला ते कमी केल्याचा फायदा विशीतल्यापेक्षा जास्त. दारू घेणाऱ्यांनी ती कमी केली तरी आकडा हलतो. या सगळ्यांची बेरीज करू नका. एकत्र केल्यावर परिणाम वाढतो, पण गणितात येतो तितका नाही.

पोटॅशियमयुक्त ‘कमी सोडियमचं’ मीठ उपयोगी आहे, मात्र किडनीचा आजार असलेल्यांनी आणि ‘प्रिल’, ‘सार्टन’ गटातल्या किंवा पोटॅशियम राखणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय सुरू करू नये. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

इतर कोणत्या औषधांनी बीपी चढतं?

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या, चोंदलेलं नाक मोकळं करणारी सर्दीची औषधं, स्टेरॉइड, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या. ज्येष्ठमधही: रोज आणि जास्त घेतलं तर पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. ते ‘औषध’ वाटत नसल्यामुळे डॉक्टरांना सांगितलंच जात नाही.

बीपी नॉर्मल आलं. गोळी बंद करू?

नॉर्मल आलंय ते गोळीमुळे. बंद केली तर बहुतेकांचं काही आठवड्यांत पुन्हा चढतं, आणि क्लोनिडिन किंवा बीटा ब्लॉकरसारखी औषधं एकदम थांबवली तर उसळी घेतं. वजन बरंच उतरलं असेल किंवा उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर मात्रा कमी करता येते, पण ती डॉक्टरांनी, टप्प्याटप्प्याने.

गोळी सकाळी की रात्री, हा वाद २०२२ च्या ‘टाइम’ चाचणीने बराच मिटवला: हृदयविकार आणि पक्षाघात टळण्यात फरक दिसला नाही. जी वेळ चुकत नाही ती ठेवा.

किती दिवसांनी मोजत राहायचं?

चाळिशीच्या आत, १२० च्या खाली आणि दुसरा धोका नसेल तर तीन ते पाच वर्षांतून एकदा पुरतं. चाळिशीनंतर, किंवा वजन जास्त असेल वा घराण्यात बीपी असेल तर त्याआधीही, वर्षातून एकदा. औषध नुकतंच सुरू झालं किंवा बदललं असेल तर दोन ते चार आठवड्यांनी वर सांगितलेला सात दिवसांचा कार्यक्रम. एकदा स्थिरावलं की रोज मोजण्याची गरज नाही. दिवसातून दहा वेळा पट्टा गुंडाळणाऱ्याचं बीपी त्या धास्तीनेच चढतं. अशांनी यंत्र कपाटात ठेवून महिन्यातला एक आठवडा ठरवून घ्यावा, आणि डॉक्टरांकडे जाताना सगळे आकडे न्यावेत, निवडलेले नव्हेत.